खिशात १५ हजार रुपये असतील, तर रिअल इस्टेटमध्ये गुंतवणूक करता येते का?

समजा, तुम्ही पुणे महापालिकेच्या हद्दीत ५० लाखांचा फ्लॅट पाहिला. बँक ८० टक्के म्हणजे ४० लाखांचं कर्ज देईल. उरलेले १० लाख तुमचे. त्यावर ७ टक्क्यांनी साडेतीन लाख मुद्रांक शुल्क (महिलेच्या नावावर घर घेतल्यास १ टक्का सवलत) आणि ३० हजार नोंदणी शुल्क. चावी हातात येण्याआधीच जवळपास १४ लाख रुपये लागतात. मग कमी पैसे असणाऱ्यांनी काय करायचं?

त्यासाठी एक पर्याय आहे, रीट. म्हणजेच रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट.

रीट म्हणजे नेमकं काय?

म्युच्युअल फंडात अनेकांचे पैसे एकत्र करून शेअर घेतले जातात. रीटमध्ये त्याच पद्धतीने ऑफिसच्या इमारती आणि मॉल घेतले जातात. भाडेकरू भाडं देतात आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम युनिटधारकांना मिळते.

भारतात सेबीने २०१४ मध्ये याचे नियम केले. २०१९ मध्ये एम्बसी हा पहिला रीट शेअर बाजारात आला. त्यानंतर माइंडस्पेस, ब्रुकफिल्ड आणि मॉल असलेला नेक्सस आले. ऐरोलीतलं माइंडस्पेस आयटी पार्क किंवा सीवूड्सचा नेक्सस मॉल तुम्ही पाहिला असेल, तर रीटची मालमत्ता तुम्ही पाहिलेली आहे.

सुरुवातीला यात किमान २ लाख रुपये लागायचे. २०२१ मध्ये सेबीने नव्या इश्यूसाठी ही मर्यादा १० ते १५ हजारांवर आणली. बाजारात तर आता एक युनिटही घेता येतं. त्यासाठी फक्त डीमॅट खातं लागतं.

गुंतवणूकदाराला संरक्षण काय?

किमान ८० टक्के पैसा बांधून पूर्ण झालेल्या आणि भाडं देणाऱ्या मालमत्तेत असावा लागतो. वाटपयोग्य रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावी लागते, तीही सहा महिन्यांतून किमान एकदा.

मग धोका कुठे आहे?

ही एफडी नाही. युनिटचा भाव शेअरसारखा वर-खाली होतो. व्याजदर वाढले किंवा ऑफिस रिकामी राहिली, तर फटका बसतो. मार्च २०२० मध्ये बाजार कोसळला तेव्हा रीटही घसरले होते. वाटपातल्या व्याजाच्या हिश्श्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे करही लागतो.

अपेक्षाही माफक ठेवा. वर्षाला ६ टक्के वाटप झालं असं उदाहरणादाखल धरलं, तर १५ हजारांवर ९०० रुपये मिळतील. यातून घरभाडं निघणार नाही.

सुरुवात कशी कराल?

आधी सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला ठेवा. मग रीटच्या तिमाही अहवालात तीन गोष्टी बघा: किती टक्के जागा भाड्याने गेली आहे, कर्ज किती आहे आणि मोठे भाडेकरू कोण आहेत.

आणि एक खबरदारी. 'पाच हजारांत ऑफिसचे मालक व्हा, दरमहा खात्रीशीर भाडं' असे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात. सेबीच्या नियमांतल्या लघु आणि मध्यम रीटमध्येसुद्धा किमान १० लाख रुपये लागतात. त्यामुळे पैसे पाठवण्याआधी सेबीच्या वेबसाइटवर त्या संस्थेचं नाव नोंदणीकृत यादीत आहे का, ते शोधा. नाव सापडलं नाही, तर पैसे देऊ नका.