ईएसपीएन एनएफएल २के५

अमेरिकन फुटबॉलवर आधारित एक समीक्षकमान्य व्हिडिओ खेळ. भारतात (उदा., कोल्हापुरात) लोकप्रिय असलेल्या फुटबॉलहून अमेरिकन फुटबॉल भिन्न आहे. त्यात लंबगोल चेंडू मुख्यत्वे हातांनी खेळतात व आक्रमक संघास चार प्रयत्नांत किमान १० यार्ड (सु. ९.१ मी.) पुढे सरकावे लागते. व्हिज्युअल कन्सेप्ट्स या संस्थेने तयार केलेला व सेगा कंपनीने प्रकाशित केलेला हा खेळ २००४ मध्ये प्लेस्टेशन २ आणि एक्सबॉक्स या दूरचित्रवाणी संचास जोडावयाच्या घरगुती यंत्रांकरिता विक्रीस आला. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणासारखी मांडणी व मैदानावरील खेळाडूच्या दृष्टीतून सामना खेळण्याची सोय ही त्याची वैशिष्ट्ये होत. त्याची किंमत अवघी १९.९९ डॉलर ठेवल्यामुळे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या प्रतिस्पर्धी कंपनीस आपल्या मॅडन एनएफएल २००५ या खेळाची किंमत उतरवावी लागली. तथापि डिसेंबर २००४ मध्ये याच कंपनीने नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) व तिच्या खेळाडूंची संघटना यांच्याशी करार करून संघ, क्रीडांगणे व खेळाडू यांच्या नावांच्या वापराचे अनन्य हक्क मिळविले. परिणामी गुणवत्ता मान्य होऊनही ही मालिका खंडित झाली. २००७ मधील ऑल-प्रो फुटबॉल २के८ या खेळात त्याच निर्मात्यांना काल्पनिक संघ व निवृत्त खेळाडू योजावे लागले.