दूतावासाचा निरोप थेट मोबाईलवर!

बुलडाणा : जपानचे भारतातील तत्कालीन राजदूत हिरोशी सुझुकी यांनी जून 2023 मध्ये पुण्यात वडापाव आणि मिसळीचा आस्वाद घेतला व त्याच्या चित्रफिती ट्विटरवर प्रसिद्ध केल्या. तिखट खाण्यात पत्नीने आपल्याला हरविल्याचेही त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले. खुद्द पंतप्रधानांनी त्यास उत्तर दिले आणि एरवी जपानच्या राजदूताचे नावही ठाऊक नसलेल्या हजारो मराठी घरांत त्यांचा चेहरा पोहोचला. एखाद्या देशाविषयी परक्या जनतेच्या मनात आपुलकी निर्माण करण्याच्या या प्रयत्नांना जनराजनय असे संबोधले जाते.

राजनयाची मूळ रीत मात्र याच्या अगदी उलट आहे. 1961 च्या व्हिएन्ना करारानुसार दूतावासाने आपला अधिकृत व्यवहार यजमान देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाशी किंवा त्याच्यामार्फत करावयाचा असतो. त्यामुळे राजदूत बोलत ते सरकारशी, तेही बहुधा बंद दाराआड. सामान्य माणसाचा संबंध येई तो व्हिसाच्या खिडकीपुरताच. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयात जनराजनयासाठी स्वतंत्र विभाग 2006 मध्ये स्थापन झाला व 2010 मध्ये या विभागाने ट्विटरवर खाते उघडले. पुढच्याच वर्षी लिबियात यादवी उसळली, तेव्हा तेथे अडकलेल्या भारतीयांचे निरोप या खात्यावर येऊ लागले आणि प्रसिद्धीसाठी उघडलेली ही खिडकी मदतकेंद्र बनली.

सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री असताना (2014 ते 2019) या पद्धतीचा सर्वाधिक बोलबाला झाला. हरवलेले पासपोर्ट, आखाती देशांत अडवून ठेवलेले कामगार, मायदेशी आणावयाचे पार्थिव अशा तक्रारींना त्या स्वतः उत्तरे देत आणि संबंधित दूतावासाला जाहीरपणे कामाला लावत. एका महाशयांनी तर नादुरुस्त फ्रीजची तक्रारही त्यांच्याकडेच केली होती! संकटातील माणसांच्या कामात आपण गुंतलो असल्याने फ्रीजबाबत मदत करता येणार नाही, असे उत्तर त्यांनी दिले. डिसेंबर 2016 मध्ये मंत्रालयाने ‘ट्विटर सेवा’ सुरू करून दूतावास आणि विभागीय पासपोर्ट कार्यालयांची खाती एका यंत्रणेत आणली.

बुलडाण्यासारख्या जिल्ह्याला याचे महत्त्व महानगरांपेक्षा अधिक आहे. जिल्ह्याचे मुख्यालय आजही रेल्वेमार्गावर नाही. पासपोर्टचे विभागीय कार्यालय नागपूरला, म्हणजे तीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. परदेशात मुलगा अडचणीत सापडला तर वडिलांनी आमदार-खासदारांचे पत्र मिळवावे, जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्यावा आणि दिल्लीच्या उत्तराची वाट पाहावी, हाच पूर्वी मार्ग होता. मोबाईलवरील एका संदेशाने ही साखळी पुष्कळच आखूड केली.

तिची खरी कसोटी लागली ती युक्रेन युद्धात. विदर्भातील अनेक विद्यार्थी तेथे वैद्यकीय शिक्षण घेत होते. कीव्हमधील भारतीय दूतावासाने 15 फेब्रुवारी 2022 रोजी पहिली सूचना दिली. ज्यांचे राहणे आवश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा, असा तिचा आशय होता. विद्यापीठांचे वर्ग सुरूच होते, हजेरी बुडण्याची भीती होती. ‘विचार करावा’ या शब्दांवर गावाकडच्या पालकांनी काय निर्णय घ्यावा? ऑनलाइन वर्गांच्या अधिकृत घोषणेची वाट न पाहता निघा, असे दूतावासाने स्पष्टपणे सांगितले ते 22 फेब्रुवारीला. 24 फेब्रुवारीच्या पहाटे आक्रमण झाले, विमानतळ बंद झाले.

2 मार्चचा संदेश मात्र कोणालाही उमजेल असा होता. खारकीव्ह तत्काळ सोडा. पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदिव्का गाठा. वाहन न मिळाल्यास पायी निघा. सायंकाळी सहाच्या आत पोहोचा. ही ठिकाणे अनुक्रमे 11, 12 आणि 16 किलोमीटरवर आहेत, हेही त्यात नमूद होते. युक्रेनमधील सायंकाळचे सहा म्हणजे भारतातील रात्रीचे साडेनऊ. मुलाला मिळालेली सूचना त्याच क्षणी आईवडीलही वाचू शकत होते. ‘ऑपरेशन गंगा’च्या 90 विमानांतून 18 हजारांहून अधिक भारतीय परत आले.

अर्थात विमाने ट्वीटमुळे उडत नाहीत. सीमेवर बसगाड्या उभ्या करणारा, शेजारी देशांची परवानगी मिळविणारा आणि याद्या तपासणारा कर्मचारीवर्ग मागे नसेल, तर संदेश निव्वळ धीर देण्यापुरता उरतो. दुसरी अडचण अशी, की ज्याची हाक समाजमाध्यमांवर गाजते त्याचे काम आधी होते, ही समजूत बळावली आहे. ज्यांच्या घरी ट्विटर, म्हणजे आताचे एक्स, वापरणारा कोणी नाही, त्यांच्यासाठी ‘मदद’ हे संकेतस्थळ फेब्रुवारी 2015 पासून उपलब्ध आहे. तेथे तक्रारीची रीतसर नोंद होते आणि तिचा पुढील प्रवासही पाहता येतो. पासपोर्ट क्रमांक किंवा घरचा पत्ता जाहीर संदेशात लिहिणे मात्र टाळलेलेच बरे. दूतावासाच्या नावाने बनावट खाती चालविणारेही असतात.

याच माध्यमांचा वापर फसवणुकीसाठीही होतो. थायलंडमध्ये भरघोस पगाराच्या नोकऱ्यांची जाहिरात समाजमाध्यमांवर करून संगणक क्षेत्रातील भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेले जात असल्याचा इशारा परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर 2022 मध्ये दिला होता. परदेशी नोकरीसाठी पैसे मोजण्यापूर्वी एजंट नोंदणीकृत आहे किंवा नाही, हे मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते.