रेग्युलेटर ऑनलाइन की दुकानातून?

समुद्रात दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो. डाइव्हरच्या सिलिंडरमधली सुमारे २०० बार दाबाची हवा तिथे श्वासाजोगी करून देतो तो रेग्युलेटर. म्हणूनच त्याच्या किमतीत जुळणी, तपासणी आणि देखभालही धरायला हवी. बहुतेक उत्पादक वर्षा-दोन वर्षांनी सर्व्हिसिंग करायला सांगतात, आणि अनधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या मालाला कंपनीची वॉरंटी अनेकदा मिळत नाही. ऑनलाइन वाचलेले पैसे मग दुरुस्तीत जातात.

दुकानात माल महाग आणि निवड कमी, हा आक्षेप खरा आहे. काही ऑनलाइन विक्रेते अधिकृतही असतात. पण मास्क चेहऱ्यावर नीट बसतो का, हे मोबाइलवर कळत नाही आणि सिलिंडरमधली हवा कुरियरने येत नाही. मापे दुकानात घेऊन खरेदी दुसरीकडे केली, तर हवा भरणारा कॉम्प्रेसर चालवायचा कोणी? पिशव्या, टॉर्च खुशाल ऑनलाइन घ्या. रेग्युलेटर, बीसीडी (तरंगणे सांभाळणारे जॅकेट) आणि मास्क मात्र जवळच्या डाइव्ह शॉपमधूनच घ्या.