चौकशीची कौशल्ये आणि तपासनीसाची घडण

गुन्ह्याच्या तपासावर आधारलेल्या खेळांत वस्तुरूप पुराव्याइतकेच महत्त्व साक्षीदारांच्या आणि संशयितांच्या बोलण्याला असते, कारण वस्तू हाती लागली तरी तिचा अर्थ बहुधा माणसांकडूनच काढून घ्यावा लागतो. अशा खेळांपैकी जे भूमिकाप्रधान असतात, म्हणजे ज्यांत खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि त्या पात्राची कुवत आकड्यांत मांडलेली असते, त्यांत आरंभीच मोजके गुण देऊन ते निरनिराळ्या कौशल्यांवर वाटून टाकण्यास सांगितले जाते. ही वाटणी वरकरणी हिशेबाची बाब वाटत असली, तरी आपला तपासनीस कोणते बोलणे ऐकू शकेल आणि कोणते त्याच्या कानांवरून निसटून जाईल, हे तीच ठरवते.

संगणकापूर्वीच्या, मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या प्रकारांत या प्रश्नाचा विचार आधीच झालेला होता. सँडी पीटरसन यांच्या १९८१ मधील ‘कॉल ऑफ कथुलू’ या खेळात प्रत्येक कौशल्य टक्क्यांत मांडलेले असून, फाशांवर त्या टक्केवारीइतके किंवा त्याहून कमी दान पडले तर प्रयत्न यशस्वी ठरतो. त्याच्या सातव्या आवृत्तीत समोरच्याला बोलते करण्याचे मोहिनी, थापेबाजी, धाक आणि युक्तिवाद असे चार मार्ग वेगळे केलेले आहेत. या रचनेची अडचण अशी की नेमक्या क्षणी दान उलटे पडले तर आवश्यक धागा हाती लागत नाही आणि खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराने वाट काढून दिली नाही तर कथाच अडते. रॉबिन लॉज यांनी २००७ च्या सुमारास मांडलेल्या ‘गमशू’ पद्धतीने त्यावर निराळा तोडगा काढला: पात्राकडे योग्य कौशल्य असेल आणि ते योग्य ठिकाणी वापरले गेले असेल, तर मुख्य धागा फासे न टाकताच मिळतो.

या दोन्ही विचारांचा संगम २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डिस्को एलिझियम’ या संगणकीय खेळात आढळतो. मूळच्या एस्टोनियातील झा/उम या गटाने तयार केलेल्या आणि रॉबर्ट कुर्वित्झ हे प्रमुख लेखक असलेल्या या खेळात स्मृती हरवलेला एक पोलीस अधिकारी रेवाशोल या कल्पित शहरात एका खुनाचा तपास करतो. बुद्धी, मन, शरीर आणि हालचाल अशा चार मूळ गुणांमध्ये एकूण १२ अंक वाटायचे असतात आणि प्रत्येक गुणाखाली ६ याप्रमाणे २४ कौशल्ये येतात. कठीण प्रसंगी दोन फाशांच्या दानात कौशल्याची पातळी मिळवून ती बेरीज ठरलेल्या आकड्याशी ताडली जाते. आवश्यक आकडा १२ असेल, तर २ पातळीच्या पात्राला यशाची शक्यता सुमारे १७ टक्के, ४ पातळीच्या पात्राला ४२ टक्के आणि ६ पातळीच्या पात्राला ७२ टक्के असते. मात्र फाशांपेक्षा निर्णायक ठरतात त्या मूक कसोट्या, ज्यांत खेळ स्वतःच पातळी तपासतो आणि ती पुरेशी असेल तर ते कौशल्य संभाषणात एखाद्या पात्राप्रमाणे बोलू लागते. पातळी अपुरी असेल तर तो आवाज उमटत नाही, आणि आपण काय गमावले हेही खेळाडूला बहुधा कळत नाही.

चौकशीच्या दृष्टीने या कौशल्यांचे तीन गट पाडता येतात. पहिला गट दबाव आणणारा: ‘ऑथॉरिटी’ अधिकार गाजवते, तर ‘सजेशन’ समोरच्याच्या मनात हवा तो विचार अलगद रुजवते. दुसरा गट टिपणारा: ‘एम्पथी’ शब्दांमागचे दुःख ओळखते, ‘ड्रामा’ खोटेपणा हेरते आणि ‘रेटरिक’ युक्तिवादामागचा राजकीय हेतू उघड करते. तिसरा गट स्वतःला सावरणारा: ‘कंपोझर’मुळे चेहऱ्यावर काही दिसत नाही आणि ‘व्होलिशन’मुळे मन ढळत नाही. ही कौशल्ये एकाच गुणाखाली नसतात. ‘ऑथॉरिटी’, ‘सजेशन’, ‘एम्पथी’ आणि ‘व्होलिशन’ मनाखाली येतात, पण खोटे पकडणारे ‘ड्रामा’ बुद्धीखाली आणि चेहरा सांभाळणारे ‘कंपोझर’ हालचालीखाली येते. त्यामुळे सगळे अंक मनावर खर्च करणारा तपासनीस माणसांची वेदना जाणतो, परंतु त्यांच्या थापांपुढे दुबळा ठरू शकतो.

त्यातही अधिक पातळी म्हणजे अधिक लाभ असे सरळ समीकरण येथे लागू पडत नाही, कारण अधिकाराची हौस वाढली की पात्र नको तेथे मानासाठी अडून बसते आणि नाट्याची जाण अतिरेकी झाली की नसलेली कारस्थाने दिसू लागतात. एका स्त्री पात्राच्या चौकशीत तर ‘व्होलिशन’ असा इशारा देते की इतर आवाज तिच्या प्रभावाखाली आलेले आहेत आणि त्यांच्यावर विसंबू नये.

व्यवहारात यावरून असे सुचवता येते की टिपणारे एक, दबावाचे एक आणि स्वतःला सावरणारे एक अशी तीन कौशल्ये मध्यम पातळीवर ठेवणे हे एकच कौशल्य टोकाला नेण्यापेक्षा नवख्याला सोयीचे ठरते. खेळातील पांढऱ्या कसोट्या पातळी वाढल्यावर पुन्हा देता येतात, तर लाल कसोट्या एकदाच मिळतात. म्हणून पातळी वाढवण्यासाठी शिल्लक राखलेला गुण पांढऱ्या कसोटीत अपयश आल्यावर खर्च करणे शहाणपणाचे असते.

प्रत्यक्ष जगात मात्र ‘ड्रामा’सारखी खोटे ओळखण्याची हमी कोणालाच नसते. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यातील अचूकता सरासरी ५४ टक्के, म्हणजे नाणे उडवण्याहून थोडीशीच अधिक, आढळली. इंग्लंड आणि वेल्समधील पोलिसांनी १९९० च्या दशकात कबुलीजबाबावरील भर सोडून मोकळ्या प्रश्नांनी माहिती गोळा करणारी ‘पीस’ ही पद्धत स्वीकारली, त्यामागेही दबावाखाली मिळालेले उत्तर खरे असेलच असे नाही, हीच जाणीव होती. गुण वाटताना धाकाच्या आकर्षणापोटी टिपण्याचे कौशल्य शून्यवत ठेवणाऱ्या खेळाडूला उत्तरे पुष्कळ मिळतात, परंतु त्यांतील कोणते उत्तर विश्वासार्ह आहे हे तपासण्याचे साधन त्याने आरंभीच गमावलेले असते.