शाळेआधीची शाळा

दरवर्षी जून महिन्यात वसतिगृहाच्या दारात एक दृश्य आम्ही पाहत आलो आहोत. कल्याणच्या कोळसेवाडीतून, उल्हासनगरातून, कळव्याच्या चाळीतून एखादे कुटुंब येते. सोबत पत्र्याची पेटी, अंथरुणाची वळकटी आणि आईच्या पदराला धरून उभे असलेले लेकरू. नावनोंदणी झाली की वडील हात जोडून म्हणतात, "गुरुजी, आम्ही अडाणी माणसं. आता तुम्हीच याचे आई-बाप."

हे वाक्य आम्ही अनेक वर्षे सन्मान समजून स्वीकारले. आज या स्मरणिकेच्या निमित्ताने प्रांजळपणे सांगावेसे वाटते की, ते निमूटपणे ऐकून घेण्यात आमची चूक झाली. शेजारी उभे असलेले मूल ते वाक्य ऐकत असते. आपल्या घराजवळ आपल्याला देण्यासारखे काहीच नाही, हा त्याचा वसतिगृहातील पहिला धडा ठरतो. हा धडा खोटा आहे. तो कसा खोटा आहे, हे समजावून सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

सहा वर्षांचे मूल पहिलीत येते, तेव्हा त्याचे शिक्षण सुरू होऊन सहा वर्षे झालेली असतात. 'तो भात', 'ती भाकरी', 'ते पाणी' हा लिंगभेद त्याला कोणत्या गुरुजींनी शिकविला? मराठी शिकणाऱ्या परभाषिक प्रौढाला जो वर्षानुवर्षे छळतो, तो भेद आपले मूल चुलीजवळ बसून शिकून येते. घरात पाच माणसे, प्रत्येकी दोन भाकऱ्या, तर पिठाचे गोळे किती, हा गुणाकार ते पाटीआधी परातीत पाहते. नळाला पाणी येण्याची वेळ, आधी पिंप भरायचे की हंडा, कोणत्या भांड्यात किती तांबे मावतात, यात कालमापन आहे, क्रम आहे आणि घनफळही आहे. फक्त त्याला विषयाचे नाव दिलेले नसते.

जुन्या ठाणे जिल्ह्याला तर या विचाराचा मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) वंचित वस्त्यांतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि 'अंगणवाडी' जन्माला आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली, ती 'कुरणशाळा'. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहणाऱ्या मुलीला त्या भावंडासह येता यावे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या गेल्या. महागड्या साहित्याऐवजी खडे, पाने, बिया, शिंपले वापरले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे 'अंगणवाडी' हा शब्द पुढे देशभर पोहोचला. त्यामागील तत्त्व मात्र आपण विसरलो. मुलाचे घर आणि परिसर हा शिक्षणातील अडथळा नाही, ती शिक्षणाची सामग्री आहे, हे ते तत्त्व होय.

आपल्यासाठी याहून जवळचे उदाहरण परमपूज्य बाबासाहेबांच्या घराचे आहे. आईचे छत्र बालपणीच हरपलेल्या भीमरावांना आत्या मीराबाईंनी मायेने वाढविले. सैनिकी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले सुभेदार रामजी घरी स्वतः अभ्यास घेत. परळच्या चाळीतील एका खोलीत संसार, स्वयंपाक आणि अभ्यास सारे एकत्र. म्हणून मुलाने लवकर झोपावे आणि पहाटे दोनला सारे सामसूम असताना उठून अभ्यास करावा, अशी व्यवस्था वडिलांनी लावली; त्यासाठी ते स्वतः जागत. पुस्तकांसाठी विवाहित मुलींकडून पैसे उसने घेत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन येताच तो सोडवीत. १९०७ च्या मॅट्रिकच्या यशामागे एल्फिन्स्टन हायस्कूल होते, तशीच ती खोली, ते जागरण आणि बहिणींचा तो दागिनाही होता.

येथे पालक म्हणतील, "रामजीबाबा शिकलेले होते, आम्ही नाही." हा आक्षेप योग्य आहे. परंतु मीराबाईंच्या मायेला किंवा बहिणींच्या त्यागाला अक्षरओळखीची अट नव्हती. तथागतांनी बाल राहुलाला सत्याचा उपदेश केला, तोही भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून. ते पाणी सांडले, भांडे उपडे केले आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रामण्य असेच रिते असते, हे समजावले. राहुलाला दिलेल्या या उपदेशाचा सम्राट अशोकाने आपल्या भाब्रू येथील शिलालेखात आवर्जून उल्लेख केला आहे. हाताशी असलेल्या भांड्यातून एवढा मोठा धडा देता येतो, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

मग सकाळची लोकल पकडून रात्री साडेआठला परतणाऱ्या आई-वडिलांनी नेमके काय करावे? पहिली गोष्ट, मुलाशी बोलावे. "जेवलास का?" एवढ्यावर न थांबता "आज काय पाहिलेस?" असे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकावे. दुसरी, कामात सोबत घ्यावे. भाजी निवडणे, सुटे पैसे मोजणे, कपड्यांच्या घड्या घालणे हा अभ्यासच आहे. तिसरी, प्रवासात वाचू द्यावे. कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे ही नावे अनेक मुलांना आधी तोंडपाठ असतात. फलकावरील अक्षरांशी ती जुळविली की वाचनाचे दार उघडते. विहारातील त्रिशरण-पंचशीलाचेही तसेच. चौथी, ज्या आईला वाचता येत नाही, तिने मुलाला मोठ्याने वाचायला सांगावे आणि ऐकावे. ऐकणारे कोणी असले की मूल वाचते. पाचवी, घराचा इतिहास सांगावा. आजोबा मराठवाड्यातून की कोकणातून आले, गिरणीत लागले की रेल्वेत, १९५६ च्या धम्मदीक्षेची वार्ता घरात कशी पोहोचली, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते सांगणारे माणूस गेले की तो इतिहासही जातो. इतिहासाचे शिक्षक म्हणून आमची ही कळकळीची विनंती आहे.

शिक्षकांकडेही काही देणे लागते. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला आम्ही भर वर्गात 'पाणी' म्हणायला लावले; वर्ग हसला आणि ते मूल पुढे कित्येक महिने बोललेच नाही. त्याच्या मौनाला आम्ही मंदपणा समजलो. वस्तुतः आम्ही त्याच्या आईची भाषा वर्गाबाहेर उभी केली होती. प्रमाणभाषा शिकविलीच पाहिजे, तिच्यावाचून स्पर्धेत निभाव नाही; पण ती घरच्या बोलीच्या जोडीला द्यावी, तिच्या जागी नव्हे. सुट्टीवरून परतणाऱ्या मुलाकडून आजीच्या तोंडचे दहा शब्द किंवा एक गोष्ट लिहून घेतली, तर घर आणि वसतिगृह यांच्यातील अंतर कितीतरी कमी होईल.

माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, आज तुम्हीच पालक आहात. तुमच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, मुलांसाठी शिकवणी आहे, हातात मोबाईल आहे. तुमच्या आईने कंदिलाजवळ बसून, एक अक्षरही न कळता, तुमचे वाचन ऐकले होते. तो वेळ तुम्ही आपल्या मुलांना देता का, हे एकदा स्वतःला विचारा.

आणि येत्या जूनमध्ये एखाद्या वडिलांनी पुन्हा हात जोडले, तर आम्ही मुलाच्या देखत सांगू, "दादा, आई-बाप तुम्हीच. सहा वर्षे तुम्ही शिकविलेत, आता आपण मिळून शिकवू."

जय भीम!