जांघेतला प्रत्येक डाग नायटा नसतो



उसाला रात्रीचे भरणे असले की पाय तासन् तास पाण्यात आणि अंगाला घाम. जांघ, काख, छातीखालची घडी, पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या राहतच नाहीत. कातडीला कातडी घासून मऊ पडते आणि तिथेच जंतूंचे फावते. बेचक्यांतल्या चिखल्या आपण चारचौघांत दाखवतो. जांघेचे मात्र नाव काढायची लाज. मायबहिणी तर छातीखालचे चट्टे महिनोन् महिने अंगावर काढतात.

मग माणूस गुपचूप औषधाच्या दुकानात जातो नि म्हणतो, ‘नायट्याची ट्यूब द्या.’ आमचे म्हणणे एवढेच, की तो नायटा आहे हे ठरवले कुणी? नायटा बुरशीचा, त्याची कड उठलेली, खाज जबर. पण एरिथ्राझ्मा नावाचा रोग कोरिनेबॅक्टेरियम जातीच्या जंतूंमुळे होतो. त्याचा डाग तांबूस-तपकिरी, सपाट, वर बारीक कोंडा. खाज थोडी, नाहीतर नाहीच. त्वचारोगतज्ज्ञ वुड्सच्या दिव्याखाली पाहतात तेव्हा तो पोवळ्यासारखा लाल चमकतो. (तपासणीला जाताना साबणाने घासून जाऊ नये, चमक धुऊन जाते.) त्यावर क्लिंडामायसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडसारखे जंतुनाशक औषध लावायला देतात, पसरले असेल तर गोळ्याही. कोणते नि किती दिवस, ते डॉक्टरांनी ठरवायचे.

दुकानातल्या मिश्र ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते अन् आपण खूश! रोग मात्र आतल्या आत पसरतो, कातडी पातळ होते आणि चरे पडतात ते कायमचे. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची १४ मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले. तरी ती कशी मिळतात, हे आपण जाणतोच.

त्रास वरचेवर उलटत असेल तर रक्तातली साखर तपासावी. साखर कारखान्याच्या सभासदाला हे सांगताना आम्हालाही हसू येते. पण मधुमेहाचा पहिला पत्ता कधीकधी जांघेतच लागतो.

चिखल्यांच्या भेगांतून जंतू आत शिरले की पाय लाल, गरम होऊन सुजतो, थंडी-ताप भरतो. तेव्हा मेंदी लावून घरी बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लोणीच्या प्रवरा ग्रामीण रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.

भरणे आटोपले की बेचक्या कोरड्या फडक्याने टिपाव्यात, गमबूट उन्हात वाळवावेत. फडात आलेल्या पाथर्डी-आष्टीकडच्या तोडणी टोळ्यांच्याही हे कानावर घालावे. कोपीत पाणी मोजके आणि अंगावरचे कपडे वाळायलाही सवड नाही; आपल्या विहिरीवर त्यांना धुण्या-अंघोळीला मोकळीक द्यावी.