गाडी घेण्याआधी एक वही घ्या

ईदची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, तेव्हा स्टाफरूममध्ये मिठाईचा डबा फिरत होता. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने डबा माझ्यापुढे धरत विचारलं, "बाजी, पाच लाखांच्या गाडीला महिन्याचा हप्ता किती बसेल हो?" मी म्हटलं, "सर, हप्ता नंतर बघू. ती गाडी दारात उभी राहिल्यावर महिन्याला किती खाईल, हे विचारलंत का कुणाला?" ते हसले. म्हणाले, "पेट्रोल आणि थोडीफार सर्व्हिसिंग, अजून काय?"

या "अजून काय"चं उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहिते आहे. आपल्या घरांमध्ये गाडी आता चैनीची गोष्ट राहिलेली नाही. अम्मीला डायलिसिसला न्यायचं असतं, मुलीला परीक्षा केंद्रावर सोडायचं असतं, गावाकडे कुणाच्या मय्यतीला रात्री-अपरात्री निघावं लागतं. पण गाडी घेताना आपण फक्त किंमत पाहतो. पुढच्या आठ-दहा वर्षांचा खर्च कुणी पाहत नाही.

मामूंची पद्मिनी, अब्बांची मारुती

लहानपणी माझ्यासाठी गाडी म्हणजे मुंबईतल्या मामूंची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच असायचा, त्यामुळे पुढच्या लांब सीटवर मामूंच्या शेजारी आम्ही दोन भावंडं आरामात बसायचो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी. मामू तिचं बॉनेट रोज सकाळी उघडायचे. पाणी बघायचे, तेलाची कांडी काढून पुसायचे आणि मगच किल्ली फिरवायचे. तिचं उत्पादन थांबल्यावरही टॅक्सी म्हणून ती बरीच वर्षं चालली. ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईतली नोंदणीची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या मुदतीमुळे रस्त्यावरून उतरली, तेव्हा मला मामूंचं ते तेलाने माखलेलं फडकं आठवलं.

अब्बांनी 1994 साली, आखातातली नोकरी सोडून कोकणात परतल्यावर, पांढरी मारुती 800 घेतली. डिसेंबर 1983 मध्ये ही गाडी बाजारात आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. मधली तीस वर्षं मध्यमवर्गाची पहिली गाडी बहुतेक तीच होती. तीन सिलिंडर, 796 सीसीचं छोटं इंजिन, वजनाला हलकी. आमच्या गावचा मिस्त्री चार पाने घेऊन तिचं अर्धं काम दारातच करायचा. आम्ही सहा जण तिच्यात बसून कुंभार्ली घाट चढायचो. एसी बंद करायचा आणि अम्मीने दुआ सुरू करायची, हा नियमच होता.

आजही लोक म्हणतात, "तशा गाड्या आता राहिल्या नाहीत." खरं आहे. पण त्या गाड्यांना सीटबेल्टशिवाय दुसरी सुरक्षा नव्हती, एअरबॅग नव्हती, हेही खरं आहे. आठवण गोड असली तरी मुलांना बसवायला मी आजचीच गाडी निवडेन.

माझ्या वहीतला हिशेब

माझ्याकडे 2013 सालची वॅगन आर आहे, पेट्रोलवर चालणारी. 2019 मध्ये 2 लाख 60 हजारांना रोख घेतली. व्याजाचं कर्ज नको म्हणून आपल्यातली अनेक घरं असंच करतात. भिशी लागली, थोडी बचत जोडली की जुनी पण चांगली गाडी बघायची. त्याच दिवसापासून मी एक शंभर पानी वही गाडीत ठेवली. पेट्रोल भरलं की किलोमीटर आणि रक्कम लिहायची, दुरुस्ती झाली की बिल चिकटवायचं.

माझी गाडी वर्षाला साधारण 8,000 किलोमीटर चालते. लिटरला 16 किलोमीटर धरले तर 500 लिटर पेट्रोल लागतं. लिटरला 105 रुपये धरून हा आकडा 52,500 होतो. विमा 5,500. वर्षाची सर्व्हिसिंग, म्हणजे ऑइल, फिल्टर आणि मजुरी, 6,000. चार टायर 14,000 चे, पाच वर्षं चालतात, म्हणजे वर्षाला 2,800. बॅटरी चार वर्षांनी बदलते, तिचे वर्षाला 1,100. ब्रेक, सस्पेन्शन, क्लच अशी कामं दरवर्षी सारखी येत नाहीत, पण सरासरी 8,000 पडतात. पीयूसीचे 300. टोल, पार्किंग, धुणं मिळून 3,000. बेरीज झाली 79,200.

इथे बहुतेकांची वही बंद होते. पण एक खर्च अजून राहिला. आठ वर्षांनी ही गाडी विकून मला लाखभर रुपये मिळाले, तर 1 लाख 60 हजार रुपये तिच्या वापरात झिजले. म्हणजे वर्षाला 20,000. हा पैसा खिशातून रोज जात नाही, म्हणून दिसत नाही. तो धरून एकूण 99,200 रुपये. महिन्याला सुमारे 8,270 आणि किलोमीटरला 12 रुपये 40 पैसे.

आता गंमत बघा. गाडी वर्षभर दारात उभी राहिली तरी विमा, पीयूसी, बॅटरी आणि किमतीची घट मिळून 26,900 रुपये जातातच. म्हणून महिन्यातून दोनदाच गाडी लागत असेल, तर रिक्षा आणि भाड्याची गाडी स्वस्त पडते. घरात रोजचं आजारपण असेल, नोकरी लांब असेल, तर गाडी परवडते. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. आपलं कोणतं, ते वही सांगते.

खर्च कुठे वाचवावा, कुठे वाचवू नये

इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदलावं. "गाडी चाललीच नाही, कशाला बदलू?" असं अनेक जण म्हणतात, पण ऑइल उभ्या गाडीतही जुनं होतं. कुलंट आणि ब्रेक ऑइलचंही तसंच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की ते तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं, आणि घाट उतरताना खालचा गिअर ठेवून गाडी इंजिनावर रोखायची. मामूंनी मला गाडी शिकवताना पहिल्याच घाटात हे सांगितलं होतं: ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 असेल, तर तो टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शिल्लक दिसली तरी खूप जुन्या टायरचं रबर कडक होतं आणि त्याला बारीक चिरा पडतात. टायर घेताना हे आकडे वाचायची सवय लावा. हवा पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना तपासा. याला काहीच खर्च येत नाही आणि टायर जास्त टिकतात.

वाचवायचंच असेल तर सीट कव्हर, स्टिकर आणि मोठ्या आवाजाच्या स्पीकरवर वाचवा. वॉरंटी संपलेल्या गाडीचं साधं काम भरवशाच्या मिस्त्रीकडेही चांगलं होतं. फक्त पार्ट कंपनीचा घ्या आणि काढलेला जुना पार्ट मागून घ्या. मी मागते. सुरुवातीला मिस्त्री माझ्या शौहरकडे बघून बोलायचा. आता वही उघडली की माझ्याशीच बोलतो.

पुराचं पाणी पाहिलेली गाडी

22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा शेकडो कुटुंबांच्या गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर अनेकांनी पहिली गोष्ट केली ती किल्ली फिरवण्याची. तेच नको होतं. इंजिनात पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी हवेसारखं दबत नाही. आतला दांडा वाकतो आणि इंजिन निकामी होतं. बुडालेली गाडी सुरू न करता बॅटरीची वायर काढावी, फोटो घ्यावेत, विमा कंपनीला कळवावं आणि गाडी ओढून न्यावी. पाण्यामुळे इंजिनाचं झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर असतं.

जुनी गाडी घेताना ती पुरातली नाही ना, हे बघायच्या साध्या खुणा आहेत. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या टोकाला मातीची रेघ असेल. सीटखालच्या रुळांवर गंज, गालिच्याखाली गाळ, बंद गाडीत कुबट वास. चकचकीत पॉलिशला भुलू नका.

विम्याचे दोन शब्द

थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर तो भरून देतो. आपल्या गाडीचं एक रुपयाही नुकसान तो देत नाही. विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्यांदा 2,000 आणि पुन्हा 4,000 रुपये दंड आहे, तुरुंगवासही होऊ शकतो. पण दंड ही लहान गोष्ट आहे. विमा नसताना अपघातात कुणी दगावलं, तर भरपाईसाठी घर विकायची वेळ येते.

दावा न करता वर्ष गेलं की नो क्लेम बोनस मिळतो. 20 टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत जातो. मुदत संपल्यावर 90 दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर तो बुडतो. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. गाडी विकली तरी नव्या गाडीला तो लावून घेता येतो.

अब्बांना आलेली नोटीस

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हा लेख लिहायला बसले, ती सांगते. 2006 मध्ये अब्बांनी मारुती विकली. घेणारा ओळखीतला, पैसे रोख मिळाले. अब्बांनी कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, किल्ली दिली, चहा पाजला. "नाव मी लावून घेतो चाचा," असं तो म्हणाला आणि अब्बा विसरून गेले.

2009 मध्ये घरी कोर्टाची नोटीस आली. त्या गाडीने एका मोटारसायकलवाल्याला धडक दिली होती. कागदावर मालक अजून अब्बाच होते. नशिबाने घेणाऱ्याने विमा अब्बांच्याच नावावर चालू ठेवला होता, म्हणून भरपाई विमा कंपनीवर गेली. तरी दोन वर्षं साठी ओलांडलेले अब्बा तारखांना जात राहिले. त्या काळात त्यांची झोप उडाली होती.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं की गाडी पुढे कितीही हात बदलो, नोंदणीकृत मालकाची जबाबदारी सुटत नाही.

म्हणून विकताना फॉर्म 29 आणि 30 पूर्ण भरून, तारीख घालून सही करा. कोऱ्या कागदावर सही नको, समोरचा कितीही जवळचा असो. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव लावायचं असतं. गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या, ओळखपत्राची प्रत ठेवा. नाव बदललं की नाही, ते परिवहनच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः बघा.

घेताना तिथेच जुने ई-चलन, विम्याची मुदत आणि कर्जाची नोंद तपासा. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म 35 मागा. नोंदणी 15 वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. एप्रिल 2022 पासून ही फी 600 वरून 5,000 रुपये झाली, वर पर्यावरण करही आहे. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचं एक कारण हे. माझ्या गाडीची मुदत 2028 मध्ये संपते. वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहून ठेवलंय.

आमच्या सहकाऱ्यांनी ती वही दोन दिवसांसाठी घरी नेली. परत देताना म्हणाले, "बाजी, हप्ता आणि हा खर्च मिळून निम्मा पगार जातो. पुढच्या वर्षी भिशी लागली की लहान जुनी गाडी बघू. तुम्ही बघायला याल ना?" मी म्हटलं, येईन. सीटबेल्ट ओढून बघायला मीच लागणार आहे.